भावाच्या फोनचा डिस्प्ले माझ्या फोनला का चालत नाही?

खणभागकर

अडीच वर्षांपूर्वी दिवाळीत मी आणि माझ्या धाकट्या भावानं एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलचे दोन फोन घेतले. रंगसुद्धा एकच. प्रत्येकी २९ हजार. गेल्या महिन्यात भावाचा फोन रात्री चार्जिंगला लावला तो सकाळी उठलाच नाही. बोर्ड गेला. काचेवर मात्र एक ओरखडा नाही. पंधरा दिवसांनी माझा फोन आयर्विन पुलाजवळ स्कूटीच्या पुढच्या कप्प्यातून उसळून रस्त्यावर पडला. फोन चालू होता, पण डिस्प्लेवर हिरव्या उभ्या रेघा आल्या आणि खालचा अर्धा भाग काळा.

कंपनीच्या सेंटरवर गेले. डिस्प्लेचे साडेतेरा हजार, फोन पुण्याला पाठवायचा, दहा-बारा दिवस लागणार आणि ताब्यात देण्याआधी सगळा डेटा पुसायचा. मी घरी शिकवण्या घेते. पालकांचे ग्रुप, फीचा हिशेब, वेळापत्रक सगळं त्या फोनवर. बारा दिवस फोनशिवाय काढणं शक्यच नव्हतं. मी भावाचा फोन पुढे केला आणि विचारलं, हा तुमचाच आहे, बिल सोबत आहे, याचा डिस्प्ले यात बसवून द्याल का? काउंटरवरची मुलगी नीट बोलली, पण उत्तर ठरलेलं होतं: "बाहेरचा पार्ट आम्ही लावत नाही." ज्या कंपनीनं तो डिस्प्ले बनवला, आम्हाला विकला, त्याचे पूर्ण पैसे घेतले, तिच्याच दारात तो "बाहेरचा" झाला.

मग गणपती पेठेत एका ओळखीच्या मुलाकडे गेले. त्यानं माझ्यासमोर दोन्ही फोन गरम प्लेटवर ठेवून उघडले, डिस्प्ले बदलला, पाऊण तासात फोन हातात. सहाशे रुपये घेतले. डिस्प्ले सुरेख चालतोय. पण आता दर वेळी फोन सुरू केला की संदेश येतो, की हा पार्ट ओरिजिनल असल्याची खात्री करता येत नाही. आणि काचेखालचा बोटाचा ठसा बंद. आपोआप उजेड कमी-जास्त होणंही बंद. तो मुलगा म्हणाला, "ताई, बसवायचं काम माझं झालं. पुढचं कॅलिब्रेशन त्यांच्या सॉफ्टवेअरनं होतं आणि त्याचं लॉगिन फक्त सेंटरला असतं." सेंटरला फोन केला तर म्हणे, बाहेर उघडलेला फोन आम्ही घेत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मला माझा फोन स्वतः उघडायचा नाही. माझे हात त्या कामाचे नाहीत आणि मला ते शिकायचंही नाही. परदेशातल्या बातम्यांत दुरुस्तीचा हक्क म्हटलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्क्रू काढत बसलेला गिऱ्हाईक दाखवतात. सांगली-साताऱ्यात असं किती जण करतात? आपल्याकडे हा हक्क म्हणजे गणपती पेठेतल्या त्या मुलाला त्याचं काम पूर्ण करता येणं. त्याला पार्ट मिळावा, माहिती मिळावी आणि शेवटचं ते कॅलिब्रेशन करता यावं. वॉरंटी संपलेली आहे, ती मी मागतही नाही. माझ्या हातून बिघडलं तर खर्च माझा. पण माझ्याच दोन वस्तू एकमेकींना जोडायला तिसऱ्याची परवानगी का लागावी?

ज्यांना यातलं तांत्रिक किंवा कायद्याचं कळतं त्यांनी कृपया लिहा.

---

कृष्णाकाठी

खणभागकरताई, अगदी असंच माझ्या मुलाच्या फोनच्या बॅटरीचं झालं. बॅटरी किती टक्के शिल्लक आहे ते दिसणंच बंद झालं. नवीन बॅटरी उत्तम चालते, पण फोन म्हणतो मला ही ओळखू येत नाही. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

टेस्टपॉइंट

मी सांगलीतच मोबाईल दुरुस्तीचं काम करतो, चौदा वर्षं झाली. ताईंचा फोन करणारा मी न्हवं, पण ज्यानं केलाय त्याची काही चूक न्हाई. सांगतो बघा.

काचेखालचा ठसा म्हणजे डिस्प्लेच्या मागं एक छोटा कॅमेरा असतोय. डिस्प्ले उजेड पाडतो, तो बोटावरनं परत येतो आणि सेन्सर त्याचा फोटो घेतो. काच बदलली की उजेड किंचित बदलतो, म्हणून नव्यानं मापं घ्यावी लागतात. याला कॅलिब्रेशन म्हणायचं. काम दोन मिनिटाचं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये टेस्टिंगच्या मेनूतच ते असतंय, आम्ही लगेच करून देतो. काहींनी ते सेंटरच्या लॉगिनमागं ठेवलंय. यंत्र तेच, काम तेच, फरक फक्त किल्ली कुणाकडं हाय याचा.

आता पार्टचं. लोक म्हणतात दुकानदार डुप्लिकेट लावतो. व्हय, लावतो. का लावतो ते विचारा. ओरिजिनल डिस्प्ले मला कंपनी विकतच न्हाई. मी रोख पैसे घेऊन गेलो तरी न्हाई. मग मी पुण्याला तपकीर गल्लीत किंवा मुंबईला जातो, तिथं एकाच मॉडेलला चार दर्जाचे कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, मिळतात. सगळ्यात स्वस्त ते ओलेडच्या जागी साधा एलसीडी, जाड असतोय, फ्रेममध्ये नीट बसत न्हाई, बॅटरी जास्त खातो. त्याच्या वर कॉपी ओलेड. त्याच्या वर काच बदललेला जुना ओरिजिनल पॅनेल. आणि सगळ्यात चांगला म्हणजे बंद पडलेल्या फोनचा काढलेला डिस्प्ले, ताईंच्या भावाचा होता तसा. म्हणजे सगळ्यात चांगला जो पार्ट, त्यालाच फोन अनोळखी म्हणतोय. गिऱ्हाइकाला वाटतंय मी फसवलं. चार माणसांसमोर ऐकून घ्यावं लागतंय, त्याचं वाईट वाटतं.

मी दरवेळी बिलावर लिहून देतो, कुठल्या दर्जाचा लावला ते. सगळे दुकानदार देत न्हाईत, हेपण खरं हाय.

---

काउंटर_नं_३

मी आठ वर्षं कोल्हापुरात एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर होतो, आता ते काम सोडलं आहे. दुसरी बाजूही मांडतो, कारण ती खोटी नाही.

फुगलेल्या बॅटऱ्या आम्ही रोज बघायचो. त्यातल्या कितीतरी बाहेर बसवलेल्या. लिथियम बॅटरीला टोकदार हत्यार लागलं की आतला पातळ पडदा फाटतो, दोन ध्रुव एकमेकांना भिडतात आणि ती पेट घेते. एका मुलाच्या तळहातावर पेटलेली मी पाहिली आहे. २०१६ साली एका बड्या कंपनीला आपल्या नोट ७ फोनची जगभरची विक्री बॅटरी पेटल्यामुळे थांबवावी लागली, ती तर कारखान्यातून आलेली बॅटरी होती. मग वीस रुपये वाचवून घेतलेल्या बॅटरीचं काय सांगावं?

दुसरं, पाणी. हल्लीचे फोन चिकट पट्टीनं बंद केलेले असतात. एकदा उघडून साध्या गमनं चिकटवले की पाणी अडवण्याची ताकद गेली. गिऱ्हाईक मात्र पावसात तसाच वापरतं.

तिसरं, चोरी. फोनला कुलूप असेल तर चोर तो सुटा करून विकतो. पार्ट बोर्डाशी बांधलेले असतील तर सुट्या पार्टला किंमत राहत नाही. कंपन्या हे कारण देतात आणि त्यात तथ्य आहे.

डेटा पुसायला सांगतात तेही तुमच्याच भल्यासाठी. आमच्या हातात दिवसाला साठ फोन यायचे. एखाद्याचे फोटो बाहेर गेले तर जबाबदार कोण?

तुमच्या बाबतीत, बिल दाखवल्यावरही कॅलिब्रेशन नाकारलं हे मला पटलेलं नाही. पण काउंटरवरच्या माणसाला तो अधिकार नसतो. सिस्टीममध्ये पार्टचा नंबर कंपनीच्या गोदामातून आलेला नसेल तर काम पुढे सरकतच नाही.

---

पोवईनाका

मूळचा साताऱ्याचा, पुण्यात हार्डवेअरमध्ये काम करतो. काउंटर_नं_३ यांचा चोरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा यांच्यावर एक बारीक चिप असते, तिच्यात त्या पार्टचा अनुक्रमांक. कारखान्यात फोन जोडताना तो क्रमांक मुख्य बोर्डाला सांगितला जातो. पुढे दरवेळी फोन सुरू होताना बोर्ड हजेरी घेतो. नाव जुळलं नाही तर काय करायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. नुसता संदेश दाखवायचा, एखादी सोय काढून घ्यायची, की फोनच बंद पाडायचा, हा सगळा कंपनीचा निर्णय असतो.

बोटाच्या ठशाच्या बाबतीत सुरक्षेचं कारण खरं आहे. खोटा सेन्सर बसवून कुणी फोन उघडू नये. पण ते कारण कुठवर ताणलं गेलं ते पाहा. २०१६ मध्ये आयफोन ६ चं होम बटण बाहेर बदललेल्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि ‘एरर ५३’ येऊन अख्खे फोन मेले. आरडाओरड झाल्यावर ॲपलनं माफी मागून नवं अपडेट दिलं आणि तेच फोन जिवंत झाले. ऑस्ट्रेलियात ग्राहकांना दुरुस्ती नाकारली म्हणून २०१८ मध्ये ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. पुढे २०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की चेहरा ओळखणं बंद व्हायचं. कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या स्क्रीनवरची चिप काढून नव्या स्क्रीनवर डकवत होते. त्यावरही टीका झाली आणि काही आठवड्यांत एका अपडेटनं ती अडवणूक गेली. स्क्रू हलला नाही, तार बदलली नाही. म्हणजे अडचण यंत्रात नव्हतीच.

आता चोरी. २०२४ मध्ये त्याच कंपनीनं, वापरलेला पण अस्सल पार्ट बसवला तर कॅलिब्रेशन फोनवरच करता येईल अशी सोय दिली. तो पार्ट हरवला म्हणून नोंदवलेल्या किंवा कुलूपबंद फोनमधून आलेला असेल तर मात्र कॅलिब्रेशन होत नाही. म्हणजे चोराला अडवायचं आणि ताईंच्या भावाचा डिस्प्ले चालू द्यायचा, हे दोन्ही एकाच वेळी जमतं. जमवलेलं आहे. मग बाकीच्यांनी चोरीचं कारण पुढे करू नये.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०२४ मध्ये पार्ट असे बांधून ठेवण्यावरच बंदी घातली. असं करणारं ते तिथलं पहिलं राज्य.

---

खणभागकर

काउंटर_नं_३, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, आभार. बॅटरीचं भय मला मान्य आहे. पण मग तुमचाच मुद्दा उलटा होत नाही का? अस्सल बॅटरी टेस्टपॉइंट दादांना योग्य किमतीला मिळाली असती तर ते वीस रुपये वाचवणारी बॅटरी कशाला शोधतील? अस्सल माल द्यायचा नाही आणि नकली माल धोक्याचा म्हणून भीती घालायची, हे मला पटत नाही.

आणि डेटा पुसायचा म्हणजे तो आधी दुसरीकडे ठेवायला हवा. डिस्प्ले फुटलेल्या फोनवर ते करायचं कसं? तिथेच तर अडलं होतं.

---

सातारची_लेक

डेटाच्या बाबतीत मी काउंटर_नं_३ यांच्याशी सहमत आहे. बायकांना हा विषय हलक्यात घेता येत नाही. राजवाड्यापाशी एका दुकानात फोन दिला तेव्हा त्यानं पासवर्ड कागदावर लिहून मागितला. मी दिला नाही, शेजारी उभी राहून काम करून घेतलं. काही अँड्रॉइड फोनमध्ये आता मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड असतो. तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन तपासता येतो, आपले फोटो-संदेश दिसत नाहीत. सेटिंगमध्ये शोधून ठेवा, फोन फुटायच्या आधी. नंतर उपयोग नाही.

---

तासगावकर_ल्यों

तासगावचा, सध्या फ्रान्समध्ये. इकडचं सांगतो.

इथं १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्यावर दुरुस्तीचे गुण छापावे लागले, दहापैकी. दुकानात किमतीच्या शेजारीच. मी इथला पहिला फोन घेतला तेव्हा दोन फोनमध्ये अडकलो होतो, गुण पाहून निवडला. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल वाचतो तसं आपण हे वाचायला लागतो, सवय लागते.

जून २०२५ पासून युरोपभर फोनसाठी एकच लेबल आलं, त्यात दुरुस्तीची श्रेणी ए पासून ई पर्यंत. आणि नुसतं लेबल नाही. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे, मागितल्यावर पाच ते दहा कामाच्या दिवसांत. विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरची अपडेट. बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही तिची ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे. फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी हवी, हा आणखी एक नियम येतोय, त्यात टिकाऊ बॅटरीला काही सूट आहे.

पण सगळं आलबेल नाही. सुटा भाग मिळतो, किंमत मात्र अशी की लोक नवा फोनच घेतात. साडेतेरा हजारांच्या डिस्प्लेचं दुखणं इथंही आहे. आमच्या तासगावात बेदाण्याचा भाव सौद्यात सगळ्यांसमोर ठरतो. पार्टची किंमत ठरवणारा एकटाच असेल तर नियम करूनही गिऱ्हाईक अडतंच.

---

मिरजेचा_वकील

खणभागकर यांनी कायद्याचं विचारलं होतं. आपल्याकडे काय आहे ते लिहितो.

सुरुवात फोनपासून नाही, मोटारींपासून करावी लागते. शमशेर कटारिया विरुद्ध होंडा सिएल या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला. चौदा मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत, त्यामुळे गाडीमालक अधिकृत डीलरकडे बांधला जातो, हे स्पर्धेला मारक आहे असं आयोगानं म्हटलं आणि मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला. पुढे अपिलं झाली, रकमेवर बरेच वाद झाले. पण मूळ तर्क आपल्या धाग्याला तंतोतंत लागू पडतो. गाडी घेताना गिऱ्हाइकाला दहा पर्याय असतात. घेतल्यानंतर तिच्या पार्टसाठी एकच दुकान उरतं. त्या एका दुकानाचा बाजार वेगळा धरून आयोगानं विचार केला. फोनच्या डिस्प्लेचंही हेच आहे.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, राइट टू रिपेअर नावाचं पोर्टल सुरू झालं. त्यावर कंपन्यांची सर्व्हिस केंद्रं, वॉरंटी, पार्टची माहिती एका ठिकाणी मिळावी असा हेतू. नंतर दुरुस्ती-निर्देशांकासाठी वेगळी समिती झाली, तिनं मे २०२५ मध्ये अहवाल दिला. फोन किती थर उघडल्यावर पार्ट हाती लागतो, माहिती आणि पार्ट किती दिवसांत मिळतात, हत्यारं आणि स्क्रू सहज मिळणारे आहेत का, सॉफ्टवेअर अपडेट किती, यावर गुण द्यायचे आणि ते विक्रीच्या ठिकाणी दाखवायचे असं त्यात सुचवलंय. पण अहवाल म्हणजे कायदा नव्हे. पोर्टलवर नाव असलेली कंपनी पार्ट द्यायला बांधलेली आहे असाही अर्थ होत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तक्रार तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो नाही तर गुरुग्रामला, तुम्ही सांगलीतच दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवा, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. तक्रारीत "फोन बिघडला" असं लिहू नका. "अस्सल पार्ट आणि बिल दाखवूनही, खर्च द्यायची तयारी असूनही सेवा नाकारली" असं लिहा. सेंटरनं नाकारल्याचं लेखी घ्या. तोंडी नकार आयोगासमोर टिकवणं अवघड जातं.

---

सावळजकर

वकीलसाहेबांनी शेतीच्या अवजारांचं लिहिलं म्हणून चार ओळी. आमच्या आजोबांचं किर्लोस्करचं इंजिन विहिरीवर होतं. कुंडल रोड स्टेशनाजवळ १९१० मध्ये कारखाना निघाला, आधी लोखंडी नांगर, मग बाकीचं. त्या इंजिनाचा पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळायचा आणि गावातला फिटर ते झाडाखाली खोलून बसायचा. त्या फिटरला कुणी परवाना विचारला नाही.

आता बागेत औषध मारायला घेतलेल्या नव्या यंत्राला स्क्रीन आहे. द्राक्षाला डाऊनी हा बुरशीचा रोग यायच्या दिवसांत एक दिवस यंत्र बंद राहिलं तर पुढचं वर्ष हातचं जातं. गेल्या पावसाळ्यात स्क्रीनवर आलेला बिघाडाचा कोड काढायला दोन दिवस कंपनीचा माणूस आला नाही, लॅपटॉप फक्त त्याच्याकडे. बिघाड काय होता? एका सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली. वायर आम्ही एका तासात जोडली होती, पण कोड तसाच. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरवरून जॉन डिअर कंपनीवर तिथल्या सरकारी व्यापार आयोगानंच जानेवारी २०२५ मध्ये खटला भरलाय. फोनवाल्यांनी आवाज उठवला तर आमचंही काम होईल, म्हणून या धाग्याला पाठिंबा.

---

तंतुवाद्य

अवांतर, पण राहवत नाही म्हणून. मिरजेत आमच्याकडे सतार-तंबोरे बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या दारात कलकत्त्याची सतार येते, लखनौचा तंबोरा येतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरची जवारी, म्हणजे नादातली गुंज, बसली असेल तर आम्ही काढून देतो. दुसऱ्या घराण्याच्या कारागिराचं वाद्य आहे म्हणून कुणी परत पाठवत नाही, आणि आमचं वाद्य पुण्यात कुणी उघडलं म्हणून आम्हाला राग येत नाही. उलट उघडलेलं वाद्य बघून आपलं काय चुकलं ते कळतं. ज्यानं वस्तू बनवली त्याचा मान वेगळा, ती वापरणाऱ्याचा ताबा वेगळा.

---

टेस्टपॉइंट

काउंटर_नं_३ साहेब पाण्याचं बोलले, म्हणून २०१९ चं सांगतो.

ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ सगळं पाण्यात. माझं दुकानपण गेलं, हॉट एअर मशीन, मायक्रोस्कोप, सगळं चिखलात. पाणी उतरल्यावर माणसं पिशव्या भरून फोन घेऊन यायला लागली. सेंटरमध्ये गेले तर तिथं आत एक पांढरा ठिपका असतोय, पाणी लागलं की लाल होतो. लाल दिसला की विषय संपला, वॉरंटी न्हाई, आणि दुरुस्ती म्हणजे अख्खा बोर्ड बदला. बोर्ड बदलला की आतलं सगळं गेलं.

माझ्याकडं एक म्हातारे गृहस्थ आले, हळदीचे व्यापारी. त्यांना फोन नको होता. बायको वर्षाआधी वारली होती, तिचे आवाजाचे संदेश त्यात होते, दुसरीकडं कुठं न्हवते. मी भावाच्या घरी विश्रामबागला टेबल मांडलं. बोर्ड काढला, आयपीएनं, म्हणजे एका प्रकारच्या अल्कोहोलनं, धुतला, ब्रशनं गंज काढला, परत धुतला. चार्जिंगच्या लाइनवर शॉर्ट होता. एक कपॅसिटर, मोहरीपेक्षा बारीक, तो गरम होत होता. तो उचलला आणि फोन चालू झाला. संदेश सगळे निघाले. त्यांनी तिथंच एक ऐकला.

त्या महिन्यात असे किती केले मोजले न्हाईत. तेव्हा पार्ट बांधलेले न्हवते एवढे. एका फोनचा चार्जिंग बोर्ड दुसऱ्याला, तिसऱ्याचा डिस्प्ले चौथ्याला, असं जोडून जोडून माणसांचं आतलं काढून दिलं. २०२१ ला परत पाणी आलं. परत येईल, नदीकाठी राहतोय. तेव्हाचे फोन जर एकमेकांचा पार्टच घेत नसतील तर मी काय करू, हे मला कुणीतरी सांगा. आणि बोर्डाचा नकाशा कंपनी देत न्हाई, आम्ही तो इकडून-तिकडून मिळवलेला वापरतो. उघड विकत मिळाला तर मी पैसे देऊन घेईन.

---

काउंटर_नं_३

टेस्टपॉइंट, वाचून थांबलो जरा वेळ. पुराच्या वेळी मी त्या लाल ठिपक्यावर शिक्के मारत होतो. सूचना तशाच होत्या. बोर्डावरचा एक कपॅसिटर बदलणं आम्हाला शिकवलेलंच नव्हतं, बोर्ड बदलणं शिकवलं होतं.

मी माझं म्हणणं थोडं बदलतो. बॅटरी आणि ठशाचा सेन्सर यांना काही कसोटी असावी, ज्याला काम येतं त्यानंच करावं. पण ती कसोटी पास झालेल्या बाहेरच्या कारागिराला पार्ट आणि कॅलिब्रेशन दोन्ही मिळायला हवं. आयटीआयमध्ये हे शिकवता येईल. खणभागकरताई, सेंटरला फोन करू नका. ईमेल करा, दोन्ही बिलं आणि दोन्ही फोनचे आयएमईआय क्रमांक जोडा, आणि फक्त "कॅलिब्रेशनची सशुल्क सेवा हवी" एवढंच मागा. दुरुस्ती हा शब्द घालू नका, त्या शब्दाला सिस्टीम वेगळा रस्ता दाखवते.

---

पोवईनाका

काउंटर_नं_३ +१. कसोटी असावी, पण ती कंपनीनं घेऊ नये. नाहीतर किल्ली पुन्हा तिच्याच हातात.

---

खणभागकर

तीन आठवड्यांनी लिहितेय.

काउंटर_नं_३ यांनी सांगितलं तसा ईमेल केला. दोनदा ठरावीक उत्तर आलं. मग वकीलसाहेबांच्या शब्दांत १९१५ वर तक्रार नोंदवली. सहाव्या दिवशी सेंटरमधून फोन, घेऊन या. तपासणीचे साडेतीनशे रुपये घेतले, एका मुलानं काळ्या डब्यावर फोन ठेवला, संगणकावर काहीतरी केलं. मी घड्याळ बघत होते, चार मिनिटं लागली. बोटाचा ठसा चालू झाला. उजेडही आपोआप कमी-जास्त होतोय. पार्ट ओळखता येत नाही हा संदेश मात्र अजून येतो. तो काढायचा अधिकार आम्हाला नाही, असं ते म्हणाले. ते लेखी मागितलं, दिलं नाही. म्हणून त्या संदेशासाठी जिल्हा आयोगात जायचं की नाही याचा विचार चालू आहे. भाऊ म्हणतो, ठसा चालतोय ना, सोडून दे. मला सोडवत नाही. उद्या हा फोन विकायला गेले तर त्या संदेशामुळे घेणारा अर्ध्या किमतीला मागेल, आणि आत तर पूर्ण अस्सल डिस्प्ले आहे.

---

मिरजेचा_वकील

विक्रीकिंमत कमी होते हा मुद्दा तक्रारीत जरूर घ्या. दोन जुन्या-फोनवाल्यांकडून किंमत लिहून घ्या, एक संदेशासह आणि एक संदेश नसलेल्या तशाच फोनची. नुकसान आकड्यात दाखवता आलं तर बरं पडतं. मसुदा लागला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

कृष्णाकाठी

ताई, आयोगात गेलात तर इथं नक्की लिहा. मीही मुलाच्या बॅटरीसाठी १९१५ वर नोंदवते आहे, आज रात्रीच. टेस्टपॉइंट दादा, दुकान नेमकं कुठं ते व्यनि कराल का? घरात अजून एक फोन आहे, चार्जिंगची पिन हलते.

---

टेस्टपॉइंट

केलाय व्यनि. पिन हलते म्हणजे बहुतेक आत कचरा असंल, लाकडी काडीनं हळूच काढून बघा आधी. सुई घालू नका. तेवढ्यानं झालं तर यायची गरज न्हाई.

खणभागकरताई, भावाच्या फोनचं उरलेलं काय केलं? मागचा कॅमेरा आणि चार्जिंगचा सब-बोर्ड चांगला असंल तर भंगारात देऊ नका. त्याच मॉडेलचा एक फोन माझ्याकडं पडून हाय, कुपवाडच्या एका कामगाराचा. सब-बोर्ड बांधलेला नसतोय, तो चालंल.

---

खणभागकर

कपाटातच आहे. सोमवारी संध्याकाळी आणून देते. पैसे नकोत, फक्त त्यांच्या बिलावर लिहा की हा पार्ट अस्सल आहे आणि कुठून आला.